तिसऱ्या कमानीचं रक्त

मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले आणि ठरल्या वेळी कातळवण्याच्या पाटपुलाची तिसरी कमान रक्ताळली.

आधी विटांच्या सांध्यांत ओल दिसली. मग एक लाल थेंब कमानीच्या पोटावरून ओघळला, क्षणभर लोंबकळला आणि खाली पऱ्यातल्या धोंड्यावर टपकला. त्यामागून दुसरा, तिसरा. पऱ्याच्या कोरड्या पात्रात उभ्या असलेल्या तीनशे माणसांनी एकदम हात जोडले. ज्यांचे हात मोबाइल धरण्यात गुंतले होते त्यांनी नुसती मान वाकवली. मुंबईला चाकरीत असलेल्या भाऊबंदांसाठी तिघांनी व्हिडिओ कॉल लावले होते आणि त्या फोनांतूनही "माजा पण नमस्कार सांगा रे" असे आवाज येत होते.

"बघा," नितेश महाराज म्हणाले. "मी काय सांगत व्हतो? पुलाचा प्रेशर वाढलाय. आदिशक्तीचा व्हॉल्व लीक झालाय. वरनं डायरेक्ट ऑर्डर आल्याबिगर असा रगात गळत नाय."

नितेशला महाराज होऊन चारच महिने झाले होते. त्याआधी तो लोट्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ड्रम भरायच्या कामाला होता, कंपनीच्या बसने जायचा-यायचा आणि शिमग्यात गावी आला की नमनाच्या खेळात गवळण व्हायचा. मग एका अवसेला त्याच्या अंगात आलं आणि नोकरी सुटली. काहींचं म्हणणं, नोकरी आधी सुटली आणि अंगात नंतर आलं. पण तसं मोठ्याने बोलायची कुणाची छाती नव्हती. आता त्याच्या कमरेला भगवी लुंगी, गळ्यात कवड्यांची माळ आणि पायांत कंपनीचे सेफ्टी बूट असत. देवाकडे अनवाणी जावं हे खरं, पण पऱ्यातले धोंडे टोचतात हेही खरंच की.

डाव्या तळहातावर तंबाखू मळून त्याने चिमूट ओठांआड सारली, हात लुंगीला पुसला आणि कोंबडा मागितला. एकाने आणून दिला. महाराजांनी मान मुरगाळली, कोयता फिरवला आणि ते फडफडणारं धड कमानीच्या पायथ्याशी फेकलं. ते बिचारं डोक्याशिवाय चार पावलं धावलं आणि गावकर महिपतच्या पायांशी येऊन पडलं. गरम रक्त त्याच्या पोटऱ्यांवर उडालं. बायकांच्या घोळक्यातून "आई गो" असा उद्गार आला. महिपत जागचा हलला नाही. गावकर म्हणजे गावाचा पहिला मानकरी. त्याने मागे सरायचं नसतं. पण त्याला भीती घराची होती. घरात सून दीपाली आठव्या महिन्यात होती आणि गेल्या मंगळवारी महाराजांनी सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं, "पूल पहिला बळी घेईल तो गावकराच्या घरातला. जो अजून जन्माला यायचा हाय, तोच."

आता या पुलाची हकिकत सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हे सगळं आभाळातून पडलं.

आमच्या या मुलखात बांधकाम म्हणजे जांभ्या दगडाचा चिरा. घर चिऱ्याचं, कुंपणाचा गडगा चिऱ्याचा, विहीर चिऱ्याची. अशा ठिकाणी कुठल्या कोण साहेबाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बंदरावर विटांनी भरलेले पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, आणवले आणि पऱ्यावर हा पाच कमानींचा पूल बांधला. तो माणसं जायला नव्हे, पाणी जायला. बंधाऱ्याचा पाट या पुलावरून पलीकडे जातो आणि पलीकडची वायंगण शेती, म्हणजे उन्हाळी भात, त्यावर पिकते. इतकी वर्षं हा पूल गुरांनी अंग घासायच्या कामी येत होता. तीन वर्षांपूर्वी सरकारला त्याचं मोल कळलं. निळा फलक लागला. संरक्षित वास्तू, हानी पोहोचवणाऱ्यास शिक्षा. तिसरी आणि चौथी कमान फुगली होती, आधी तिसरीची दुरुस्ती निघाली. जुन्या कामाला सिमेंट चालत नाही असा त्यांचा नियम. म्हणून चुन्याचं काम जाणणारी माणसं घाटावरून आणली. विनोद नावाचा गवंडी आणि त्याची बायको मालन. विनोद विटा बसवी. चुना विझवणं, दगडी घाणीत दळणं, त्यात गूळपाणी नि बेलफळ घालून मुरवणं हे सगळं मालनचं. दिवाळीपासून दोघं पुलाजवळ पत्र्याच्या खोपीत राहत होती.

आणि या गावची एक रीत आहे. भात कापून झालं, पाटाला वर्षाचं पहिलं पाणी सोडायचं ठरलं, की आधी गावकराच्या घरची बाई कोरड्या पाटात हळदीचं पाणी ओतते. पाणी पलीकडे जातं म्हणजे लेक सासरी निघते. हळद लावल्याशिवाय लेक कशी धाडायची? महिपतच्या आईने ती हळद ओतली, आजीने ओतली, आणि चाळीस वर्षं त्याची बायको सोनूबाई ओतत होती. महिपत तेव्हा अलोऱ्याला कोयनेच्या पंपावर नोकरीला होता, तरी त्या दिवशी रजा काढून यायचा. इतक्या वर्षांत कधी काही झालं नाही. यंदा सोनूबाईने पुलावर तांब्या रिता केला, हळद पाटातून वाहत तिसऱ्या कमानीवर आली, ताज्या सांध्यांतून झिरपली आणि खाली लाल होऊन पडली.

झालं. गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

नितेश महाराजांनी तीन आज्ञा केल्या. पाटाला पाणी सोडायचं नाही. दर मंगळवारी हळदीने पुलाला थंड करायचं. आणि कमानीखाली महाराजांची गादी मांडू द्यायची. तिथे काही बांधू नका म्हणून फलक लावणाऱ्या सरकारचं गाव बघून घेईल. गावाने तिन्ही मानल्या. दुसऱ्या मंगळवारी वीस हंडे हळद ओतली गेली तेव्हा वीस हंड्यांचं रक्त पडलं. जितकं थंड करावं तितका पूल तापत होता, आणि पलीकडे वायंगणाचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, पाण्यावाचून पिवळा पडत होता. स्वच्छ पाण्याचा एक लोट सोडून तर बघू, असं एकालाही सुचलं नाही. पाण्याच्या खात्यात तीस वर्षं काढलेल्या महिपतलाही सुचलं नाही, हे सांगताना लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

आज तिसरा मंगळवार होता.

"पाच कमानी हायत," महाराज घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाचांवरनं हळद जाते. मग तिसरीच का रडते? का रडते, गावकर?"

"तुमीच सांगा," महिपत म्हणाला.

"तिसरीला हात कोणी लावला? चुना कोणी कालवला?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ती घाटावरची. मालन."

"दिवाळीपास्नं चुना कालवत्ये. महिन्याचे चार दिवस ती कुठं बसली व्हती? कोणी तिला बाजूला बसलेली बघितली?" महाराजांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "विटाळाच्या हातानं पूल सांधलाय तिनं. तोच विटाळ आता भायेर पडतोय. ह्यो पूल आता रगात मागणार. तिचा नायतर गावकराच्या नातवाचा. चॉइस तुमचा हाय."

यातली एक गोष्ट अगदी बरोबर होती हे लक्षात ठेवा. रडत होती ती तिसरीच कमान, आणि तिला हात लागला होता तो मालनचाच. लबाड माणूस नेहमी असाच खरा पुरावा उचलतो आणि त्याला खोटं शेपूट लावतो.

महिपतला मात्र त्या वेळी फक्त "गावकराच्या नातवाचा" एवढंच ऐकू आलं. हातातली काठी त्याने घट्ट धरली आणि तो खोपीकडे चालू लागला. मागून पन्नास-साठ पुरुष निघाले.

मालन चुन्याच्या टाकीत फावडं फिरवत उभी होती. विनोद दोन दिवस गावाकडे गेलेला. गर्दी बघून तिला वाटलं, काम बघायला आलेत. तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि म्हणाली, "काय वो, गावकर?"

उत्तर म्हणून महिपतने तिच्या पाठीत काठी घातली.

ती टाकीच्या कडेवर पडली. उठायच्या आत कुणी केस धरले, कुणी दंड. एकाने घाणीचा दगड उलथून टाकला, एकाने खोपीचा पत्रा लाथेने आत ढकलला, चुलीवरचं भाताचं भांडं कलंडलं. ती ओरडत होती, "आवं पर मी केलं काय? काय केलं ते तरी सांगा." कुणी सांगितलं नाही. मारणाऱ्याला कारण सांगायला वेळ नसतो. कुणाचा तरी गुडघा तिच्या तोंडावर बसला आणि पुढचा दात पडला. त्यात हर्षद होता, जो तिच्याकडे रोज सकाळी चहा पीत असे. शाळेचा शिपाई होता. दोन पदवीधर होते. सगळ्यांनी मिळून तिला फरफटत कमानीखाली आणलं.

"अन्याय नको," महाराज म्हणाले. "देवाच्या कोर्टात पुरावा लागतो. हात धू गो."

एकाने तिच्या हातांवर पाणी ओतलं. चुन्याने तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. नुसत्या पाण्याने त्या भेगांतलं काय निघणार? महाराजांनी पितळेच्या परातीत घट्ट हळद कालवली. "ह्या हळदीत हात बुडव. शुद्ध असशील तर पिवळे निघतील. पाप असेल तर ते रगात होऊन वर येईल."

मालनने परातीकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. "नगा," ती म्हणाली. "ते लाल हुणारच. माझ्या हाताला..."

पुढचं बोलणं महिपतच्या थपडेत बुडालं. दोघांनी तिची मनगटं धरून हात परातीत दाबले आणि वर काढले.

तळहात लालभडक झाले होते. भेगाभेगांतून लाल ओघळ कोपरापर्यंत गेले.

तीनशे माणसांच्या छातीतून जो आवाज आला तो आधी कातळवण्याने कधी ऐकला नव्हता. पहिला धोंडा कुणी मारला ते कुणालाच सांगता येणार नाही. तो तिच्या खांद्याला लागला. दुसरा कानाजवळ. तिने डोकं वाचवायला हात वर केला, आणि महिपतची काठी त्या हाताच्या मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज महिपतला स्पष्ट ऐकू आला. वाळलेलं फाटं मोडावं तसा. त्याला वाटलं, आता नातू वाचला.

"हितं नको," महाराज म्हणाले. "जिथनं विटाळ शिरला तिथनंच उतरवायचा. वर न्या. तिसऱ्या कमानीवरनं सोडा. मग पूल गप होईल."

"सोडा" म्हणजे ढकला, हे सगळ्यांना कळलं. खाली पंचवीस फुटांवर धोंडेच धोंडे होते. तरीही माणसं तिला उचलून पुलाच्या चढावर घेऊन गेली. वर पोचल्यावर गर्दी कठड्याला रेटू लागली तेव्हा शाळेचा शिपाई ओरडला, "ए, कठड्याला धक्का मारू नका रे. संरक्षित हाय तो, केस होईल." आणि खरंच, माणसं विटांपासून चार बोटं दूर सरली. बाईला हवेत धरून.

वर पाटात बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. सोनूबाई सगळ्यांच्या पुढे, कोपरापर्यंत पिवळी. खाली काय चाललंय ते तिला आवाजावरून कळत होतं, पण वळणाआड दिसत नव्हतं. आता मालनचा चेहरा दिसला. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, मोडका हात कापडासारखा लोंबणारा. महिपतने तिचा दंड धरला होता आणि तो कठड्याकडे निघाला होता.

"अवो," सोनूबाई म्हणाली, "काय करताव?"

"सर बाजूला. नातू पायजे ना तुला?"

सोनूबाई सरली नाही. तिने मालनचा धड हात पकडला आणि मागे ओढलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याच्या विरुद्ध कधी जोर लावला नव्हता; आज लावला. इकडून महिपत, तिकडून ती. मधे मालन लोंबकळत होती आणि कण्हत होती. मग हात निसटला, सोनूबाई मागे बसकण मारून पडली आणि तिने आपला तळहात पाहिला.

तो लाल झाला होता.

"बघा," महाराज मागून ओरडले, "विटाळ लागला तिला. गावकरीणीला पण लागला."

दोन बायका सोनूबाईपासून पटकन लांब झाल्या. महिपत थबकला. सोनूबाईने हात नाकाजवळ नेला आणि हुंगला. बोटं एकमेकांवर घासली. या बाईने गोठ्यात वासरं ओढून काढली होती, शेजारणींची बाळंतपणं केली होती. रक्त तिला शिकवायला नको होतं.

"हा रगात नाय," ती म्हणाली. "चिकटत नाय. वास हळदीचा येतोय."

"चुना हाय त्यो," मालन म्हणाली. पडलेल्या दाताच्या फटीतून शब्द फुसफुसत येत होते. "चुना लागला की हळद लाल हुती. रोज हुतंय माझं. कालवणाला हळद घातली की बोटं लाल. पुलाचा चुना ओला हाय अजून, म्हणून हितंच गळतंय. बाकीच्या कमानींचा जुना झाला, मेला तो. मी सांगत हुते. कुणी ऐकंना."

सोनूबाई उठली आणि बायकांकडे वळली. "गोदा, तुज्या लुगड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावलास, तर डाग कसला होतो?"

गोदाने इकडेतिकडे पाहिलं. "लाल," ती हळूच म्हणाली.

"चिमा, तुजा?"

"लालच होतो गो. लाल होतो, आणि पाण्यानं धुतला की परत पिवळा."

"मग तवा तुज्या लुगड्याला कोणाचा विटाळ लागतो?"

बघा कशी गंमत आहे. पुलावरच्या प्रत्येक बाईला ही गोष्ट ठाऊक होती. दर आठवड्याला धुण्याच्या धोंड्यावर बसून तिने ती डोळ्यांनी पाहिली होती. पण धुण्याच्या धोंड्यावरचं ज्ञान देवाच्या कामी आणायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि पुरुषांनी तर कपडे कधी धुतलेच नव्हते.

"देवाची परीक्षा बघू नका," महाराज गरजले. "सगळ्यांचं वाटोळं होईल."

"नाय बघत," सोनूबाई म्हणाली. "तुमचीच बघतो आमी. तुमी शुद्ध ना? बुडवा हात."

नितेश हसला. त्याने हंड्यात उजवा हात घातला, वर काढला आणि सगळ्यांना दाखवला. हात पिवळाधमक होता. गर्दीत पुन्हा कुजबूज सुरू झाली. कुणीतरी "बोला आदिशक्तीचा" म्हणायला तोंड उघडलंही. महिपतची पकड मालनच्या दंडावर पुन्हा घट्ट झाली.

तेव्हा मालन त्याला अगदी जवळून, जवळजवळ कानात म्हणाली, "गावकर, ह्यो तंबाखू कंच्या हातावर मळतो?"

महिपतने तिच्याकडे पाहिलं. मग नितेशकडे. मग त्याने तिचा दंड सोडला.

"महाराज," तो म्हणाला, "डावा."

"डावा हात हळदीत घालत नाय. अशुभ असतो."

"डावा," महिपत पुन्हा म्हणाला. नितेश मागे सरला. त्या एका मागे सरण्यातच महिपतला सगळं कळलं. माणसाला स्वतःच्या हाताची भीती उगाच वाटत नाही. त्याने झेप घालून नितेशचं डावं मनगट धरलं आणि हंड्यात कोपरापर्यंत घातलं. हात बाहेर काढला तेव्हा तळहाताच्या मधोमध, जिथे रोज वीस वेळा चुना नि तंबाखू मळली जायची, तिथे रुपयाएवढा लाल डाग होता. बाकी हात पिवळा.

"आता ह्याला पण विटाळ आला काय?" चिमा म्हणाली.

"लिंबू द्या," मालन म्हणाली. महाराजांची झोळी लिंबांनीच भरलेली होती. उतारे काढायला लागत. सोनूबाईने एक लिंबू दातांनी फोडून तिच्या धड हातात दिलं. मालनने ते आपल्या दुसऱ्या, मोडलेल्या हातावर पिळलं. जखमांत रस गेला तशी ती कळवळली, पण पिळत राहिली. सगळ्यांच्या देखत तळहाताचा लाल रंग विरघळला आणि पिवळा झाला. बोटं पिवळी झाली, भेगा पिवळ्या झाल्या. फक्त मनगटावर, जिथे काठीने कातडं फाटलं होतं, तिथलं लाल काही केल्या जाईना.

"ह्ये तेवढं रगत हाय," मालन म्हणाली. "ह्ये तुमी काढलं."

नितेश पळाला. पळायला सेफ्टी बूट चांगले नसतात. दहा पावलांवर हर्षदने त्याला पाडलं. आणि मग तेच झालं जे अर्ध्या तासापूर्वी झालं होतं. त्याच काठ्या, त्याच लाथा, तेच धोंडे. ज्यांनी सकाळी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं होतं तेच त्याच्या बरगड्या शोधत होते. कवड्यांची माळ तुटून पाटात विखुरली. "माज्या अंगात काय नव्हता, मी चुकलो," तो ओरडत होता, "कंपनीत बघितला व्हता मी, पाण्यात थेंब टाकला की रंग बदलतो, मारू नका." महिपत काठी उगारून त्याच्यावर उभा राहिला. त्याला इतका राग आला होता की डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. आपल्याला फसवलं. आपल्या हातून बाईचं हाड मोडवलं. आता ह्याचं डोकं फोडायचं.

"मारा," मालन म्हणाली. ती सोनूबाईच्या मांडीला टेकून बसली होती. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू आला. "त्याला मारून माझं हाड जुळतंय व्हय? मघाशी मला मारायला त्यो सांगत हुता. आता त्याला मारायला मी सांगत न्हाई. मग आता कोण सांगतंय तुमाला?"

महिपतची काठी वरच राहिली. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं, आणि म्हणूनच हात खाली आला. त्याने काठी पऱ्यात फेकून दिली. मग वाकून त्याने नितेशला झाकलं, तेव्हा दोन लाथा त्याच्याही पाठीत बसल्या. त्या त्याने मोजल्या नाहीत.

पोलिसांची गाडी पाऊण तासाने आली. फोन दीपालीने केला होता, घरातून, गाव खोपीकडे निघालं तेव्हाच. तिच्या पोटातल्या बाळासाठी हे चाललंय असं तिला सांगितलं गेलं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

हवालदाराने आधी मालनला रुग्णवाहिकेत घातलं, मग नितेशला. नितेशवर जादूटोण्याच्या कायद्याखाली गुन्हा लागेल, हे त्याने गावाला ऐकवलं. गावाने मान डोलावली. आपली सुटका झाली असं वाटून बरेच जण घराकडे वळलेही.

"थांबा," हवालदार म्हणाला. "बाईचा हात कोणी मोडला?"

तीनशे माणसं जमिनीकडे बघू लागली. "गर्दी व्हती साहेब," शाळेचा शिपाई म्हणाला. "गर्दीत काय कळणार?" हर्षद म्हणाला, "महाराजांनी भडकवलं." दोन पदवीधर म्हणाले, "जमावाची मानसिकता असते." सगळ्यांना एक छान भगत सापडला होता, ज्याच्यावर सगळं घालता येत होतं.

महिपत पुढे आला. "मी मोडला," तो म्हणाला. "नितेशनं हळद कालवली. काठी माजी व्हती. पाठीत पण मीच मारली, थप्पड पण मीच. लिवून घ्या."

"काका, विचार करा," हवालदार हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही गावकर आहात. असं कुणी बोलत नाही."

"विचार करायची येळ सकाळी व्हती," महिपत म्हणाला. "तवा केला नाय."

तो त्याच गाडीत बसला. सोनूबाईने त्याला अडवलं नाही आणि ती त्याच्यासाठी रडलीही नाही. ती रुग्णवाहिकेत मालनजवळ बसली होती, तिचा हात मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी गावाने पाटाला पाणी सोडलं. तिसरी कमान तेव्हाही झिरपली, पण स्वच्छ पाणी. त्याचा कुणी व्हिडिओ काढला नाही. दीपालीला महिन्याने मुलगी झाली, ठणठणीत. पुलाचा त्या मुलीशी काही संबंध नव्हता. तो सकाळी नव्हता, संध्याकाळी नव्हता, कधीच नव्हता. मालनच्या मनगटात दोन सळ्या घातल्या. चुन्याचं फावडं त्या हाताने आता धरता येत नाही, आणि तिच्याइतका चुना जाणणारं माणूस त्या खात्याला अजून मिळालेलं नाही. चौथी कमान तशीच फुगून उभी आहे.

तुमच्या घरात हळद आहे. चुना कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे मिळतो, मागितला तर फुकट देतो. चिमूटभर हळद पाण्यात कालवा, त्यात चुन्याचं बोट फिरवा आणि बघा. अर्ध्या मिनिटात होतं. तीनशे माणसांपैकी एकानेही ते अर्धं मिनिट काढलं असतं, तर एका बाईचा हात शाबूत राहिला असता. म्हणून पुढच्या वेळी कुणी तुम्हाला रक्त दाखवलं, तर त्याच्या पाया पडण्याआधी आणि दुसऱ्याच्या अंगावर धावण्याआधी घरी जा, हळद आणि चुना घ्या, आणि करून बघा. बघितल्यावर जे वाटेल ते करा, पण आधी बघा.